पुलाला वळसा

गाडी सुरू झाली आणि बाबांच्या तोंडाचा पट्टाही. मुलीने अख्खा प्रोजेक्ट फोनकडून लिहून घेतल्याचं त्यांना कालच कळलं होतं, आणि या इंजिनिअर बापाच्या मते ती जगबुडीच होती.

"तंत्रज्ञान हाताशी असावं, डोक्याच्या जागी नाही! अशी कॉपी करून पास झालेली पोरं उद्या विमानं बनवणार. मग आपला देवच वाली!"

"बाबा, पेपरला वीस मिनिटं उरलीत," मुलगी म्हणाली. तिचे कान कालपासूनच किटले होते.

फोनमधल्या बाईने दोनदा सांगितलं, डावीकडे वळा, पुलावरून सात मिनिटं. बाबांनी दोन्ही वेळा तिला धुडकावून लावलं आणि नेहमीसारखी गाडी नदीच्या काठाकाठाने लांबच्या जुन्या पुलाकडे घातली.

"रोज हा वळसा कशाला? नव्या पुलाचं एवढं काय वावडं आहे तुम्हाला?"

"तो पूल माझ्या वर्गमित्राने बांधलाय. चार वर्षं पुढच्या बाकावरच्याचे पेपर जसेच्या तसे उतरवून पास झाला पठ्ठ्या! त्याच्या पुलावरून मी तुला नेऊ?"

मुलीच्या हाती आयतं कोलीत आलं. "पण पुढच्या बाकावरचा हुशार असेल, तर याचीही उत्तरं बरोबरच असणार ना?"

बाबांनी गिअर बदलला, आरसा उगाच सारखा केला.

"पुढच्या बाकावर मी बसायचो."