जंतूंना प्रवेशबंदी

“आजपासून या खोलीत पाऊल टाकायची एकाही जंतूची छाती होणार नाही,” असं बजावून अध्यक्ष बन्सीलालभाऊंनी बुटासकट पाऊल आत टाकलं. मागोमाग दवाखान्याच्या कमिटीची वीस-पंचवीस माणसं.

“भाऊ, जोडे,” सुनंदाबाई सिस्टर म्हणाल्या.

“नवेच आहेत,” भाऊ म्हणाले.

पटकीच्या साथीत जळगावच्या त्या दवाखान्यात ही मुलांची ऑपरेशनची खोलीही खाटांनी भरली होती. चार महिने एकाही मुलाचं ऑपरेशन झालं नव्हतं. साथ हटली तशी सिस्टरांनी तीन दिवस भिंती घासल्या, आत औषधाची वाफ कोंडली, दाराच्या फटींना कागद डकवले. आज पहिलं ऑपरेशन. पहूरच्या धुरपदाबाईंची पोर बाहेर व्हरांड्यात बसली होती. चुलीत हात पडून तिची बोटं तळव्याला चिकटली होती. ती बोटं आज सुटी व्हायची होती. भूल द्यायची म्हणून रात्रीपासून तिच्या पोटात पाणीसुद्धा नव्हतं.

उद्घाटनाचा नारळ फोडायला दगड आणायचा राहिला होता. भाऊंनी ऑपरेशनच्या टेबलाची लोखंडी कड पसंत केली. उकळून वाळवलेल्या चादरींवर नारळाचं पाणी उडालं. टाळ्या पडल्या. उदबत्ती खोचायला केळं मात्र होतं. जळगावात केळ्याला काय तोटा. ते औजारांच्या ट्रेमध्ये ठेवण्यात आलं.

सिस्टरांचे ओठ पांढरे पडले होते.

“पटकीसुद्धा एवढ्या थाटात आली नव्हती, भाऊ.”

भाऊंना ती स्तुती वाटली. त्यांनी सिस्टरांना आधी पेढा दिला.

डॉक्टर हात धुऊन कोपरापासून वर धरून आले, दारातच थबकले. केळ्याकडे पाहिलं. मग हात खाली सोडले.

“खोली बंद करा, सिस्टर. पुन्हा पहिल्यापासून. भूल देणारे धुळ्याहून आता पुढच्या मंगळवारी येतील.”

सिस्टरांनी पेढा केळ्याशेजारी ठेवला आणि घासायची बादली उचलली.

भाऊ व्हरांड्यात आले. पोरीच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला. फोटोवाला पुढे सरकला.

“माग, माय,” भाऊ धुरपदाबाईंना म्हणाले, “लाजू नको. आज दवाखाना तुझाच आहे. काय पाहिजे ते माग.”

धुरपदाबाईंनी बंद होणाऱ्या दाराकडे पाहिलं. मग मांडीवरचं फडकं सोडलं.

“मंग आता पोरीले भाकर देऊ का, भाऊ?”