दोन मार्कांचा प्रश्न

रतनचे डोळे जाऊन बारा वर्षं झाली. मानपाड्याच्या एका केमिकल कंपनीत सुपरवायझरने सांगितलं, ॲसिड जरा पातळ कर, म्हणून याने ॲसिडच्या टाकीत बादलीभर पाणी ओतलं, आणि सगळं उसळून तोंडावर आलं. आपलं नेमकं काय चुकलं हे त्याला आजवर कळलं नव्हतं. कुणी विचारलंच, तर तो आपला नशिबाला बोल लावून मोकळा व्हायचा.

उद्या लेकीची, सान्वीची, विज्ञानाची चाचणी होती. ती मोठ्याने वाचत होती आणि रतन रोजच्यासारखा भिंतीला टेकून ऐकत होता.

"ऐक हां, बाबा. 'तीव्र आम्ल सौम्य करताना आम्ल हळूहळू पाण्यात ओतावे. आम्लात पाणी कधीही ओतू नये, ते उकळून अंगावर उडते.' चला, दोन मार्क पक्के! एवढं तर शेंबडं पोरही सांगेल."

 रतनने विचारलं, "कितवीचं गं हे पुस्तक?"

"नववीचं. का रे?"

 

"काही नाही. मी आठवीतच शाळा सोडलेली."