लेनोरसाठी चार चौकटी

इस्पितळात लेनोरने डोळे मिटले आणि तिच्या नवऱ्याने, मॉर्ट पेल्झनरने, मुलीच्याही आधी फोन केला, तो चित्रकार रे हलासच्या स्टुडिओत.

"चित्र वाळलं का?"

"वाळलं. का हो?"

"ती गेली, रे. हृदय बंद पडलं. ते चित्र दुसऱ्या कुणाला दाखवू नकोस."

रे म्हणाला, "मॉर्ट, त्या चित्राचं जरा..."

"नंतर," म्हणत मॉर्टने फोन ठेवला.

एवढ्या वर्षांच्या संसारात लेनोरचा धड एक फोटो नव्हता. कॅमेरा दिसला की ती टोपी पुढे ओढायची. चित्रं पारखायची नजर मात्र कमालीची. रे बूटपॉलिशच्या डब्या रंगवायचा तेव्हा अख्खं न्यूयॉर्क त्याला हसत होतं. ही जिने चढून गेली आणि तीन चित्रं काखोटीला मारून आली.

"असल्या डब्या आपल्या घरात पडल्यात की," मॉर्ट म्हणाला होता.

"त्या कधी बघितल्यास?"

मग त्यालाही दिसायला लागल्या.

पुढे चित्रं जमवणाऱ्या प्रत्येक श्रीमंताला रेकडून आपला चेहरा करून हवा झाला. रे समोर बसणाऱ्याच्या तोंडाला पांढरी पावडर फासायचा, जागीच फोटो छापून देणाऱ्या झटपट कॅमेऱ्याने ढीगभर फोटो काढायचा, त्यातल्या एकावरच्या सुरकुत्या पुसायचा आणि रेशमी जाळीतून तोच चेहरा चार रंगांत छापायचा. साधा माणूस सिनेमातला दिसायचा. लेनोर तेवढी तयार होईना. या वसंतात एकदाची झाली.

त्या दिवशी स्टुडिओत ती म्हणाली, "आधी मॉर्टला बसव. दिव्यांचा अंदाज येईल तुला."

रेने त्याला पावडर फासली. "मान हलवू नका. टॅक्सी चालवत नाही आहात तुम्ही."

"टॅक्सी चालवूनच इथवर आलोय, पोरा!"

लेनोर खळखळून हसली. मग तिने त्याला खाली कॉफी प्यायला पिटाळलं. "तू समोर असलास की मला हसू आवरत नाही."

सुतकाचे दिवस सरताच मॉर्ट धापा टाकत स्टुडिओचे जिने चढला. घरी जेवणाच्या टेबलासमोरची भिंत त्याने रिकामी करून घेतली होती.

"तिचा चेहरा आठवायला बसलो की टोपीच आठवते," तो म्हणाला. "दाखव."

"तुम्ही आधी बसा."

"दाखव रे बाबा."

रेने चादर ओढली.

चार चौकटी. नारिंगी, गुलाबी, हिरवी, निळी. चारही चौकटींत मॉर्ट. एकही सुरकुती नाही, मान जराशी वळलेली, चेहरा खुललेला. "त्या बसल्याच नाहीत," रे म्हणाला. "तुम्ही खाली गेल्यावर म्हणाल्या, चित्र मॉर्टचंच कर."