शेजारचा बांध

पडघ्याजवळच्या शेतात मैना भेंडी तोडत असताना टोळांचा थवा उतरला. तिने परात बडवायला घेतली, नवऱ्याने तेलाचा रिकामा डबा. टोळधाड अशीच हाकलतात, सासरे सांगायचे. आपण आपल्या बांधापर्यंत वाजवायचं, पुढे शेजाऱ्याने, त्याच्यापुढे त्याच्या शेजाऱ्याने. सगळ्यांचं थोडं थोडं जातं, पण कुणाचंच सगळं जात नाही.

शेजारच्या गोदामाच्या गेटवर देवू वॉचमनच्या कपड्यांत उभा होता. गोदामाखालची जमीन पूर्वी त्याचीच.

“देवूभावजी, नुसते बघताय काय? वाजवा की.”

देवूने काठी उचलली आणि लोखंडी गेट दणादण बडवलं. थवा उठला. मैनाने परात खाली ठेवली.

थवा एकाला एक लागून असलेल्या गोदामांच्या पत्र्यांवरून पार हायवेपर्यंत गेला, तिथून वळला आणि सरळ तिच्या भेंडीत येऊन बसला.

मैनाने पुन्हा देवूकडे बघितलं.

“अजून वाजवतो, वयनी,” तो म्हणाला. “पण धाडायचे कुणाच्या शेतात?”