चाप न ओढता

"मुनीर, तुम्हारा आँख खराब है क्या?"

अरबाबनं, म्हणजे मालकानं, टेबलावरच्या बंदुकीकडे पाहिलंसुद्धा नाही. गाडीतून उतरला तो हाच सवाल घेऊन. बंदुकांचं दुकान त्याचं, आखातातल्या अल ऐन शहराच्या बाहेर वाळवंटातली ही नेमबाजीची जागाही त्याचीच. दुकानात ठेवायची प्रत्येक नवी बंदूक आधी इथं मुनीरच्या हातून जायची. मुनीर हो म्हणाला तर दुकानात, नाही म्हणाला तर परत. इतका साधा मामला होता.

मुनीरनं अजीजकडे बघितलं. अजीज म्हणजे मुनीरच्या बायकोचा, सुरैय्याचा, सख्खा धाकटा भाऊ. दुकानात विक्री तोच बघायचा. तो आत्ता समोरच्या वाळूकडे बघत उभा होता. जन्मात वाळू पाहिली नव्हती जशी काही!

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरायला लागलाय, हे मुनीरनं एकाच माणसाला सांगितलं होतं. सुरैय्यालाही नाही, ती तिकडे दापोलीला रडत बसली असती. एका शुक्रवारी जेवता जेवता त्यानं अजीजजवळ मन मोकळं केलं. "भावजी, हे माझ्या पोटात राहील," अजीज म्हणाला होता. आणि राहिलं की. गरज पडेपर्यंत राहिलं.

गरज पडली या स्वस्तातल्या रायफलीपायी. अजीजनंच ती शोधून आणली होती. नव्यानं शिकारीचा नाद लागलेल्या पोरांसाठी. खपली तर खलिफा सिटीतलं नवं दुकान अजीज सांभाळणार, असं अरबाबनं कबूल केलं होतं. बंदूक दिसायला नवरदेव. प्लास्टिकचा दस्ता, हाताला हलकी, नेमही बरा. काडतूस आत सारणारा बोल्ट मागेपुढे करताना जरा अडखळायचा, पण तेवढं चालतं. स्वस्तात सगळंच कुठून मिळणार? पण काल मुनीरनं नुसती सेफ्टी, म्हणजे चाप अडवून धरणारी कळ, काढली आणि गोळी सुटली. चापाला बोट नाही, काही नाही! नळी वाळूच्या बांधाकडे होती म्हणून निभावलं. अजीज हातभर अंतरावर उभा होता. दोघांनीही पाहिलं.

"अजीज बोलता है, तुम्हारा उंगली ट्रिगर पे गया," अरबाब म्हणाला. "तुमको दिखा नहीं. बोलता है, गन एकदम अच्छा है."

अरे, आपलं बोट कुठं आहे हे कळायला डोळे कशाला लागतात? मुनीरला ओरडावंसं वाटलं. राग मागाहून आला. आधी आली ती लाज. या माणसाला आपण आपल्या ताटातलं भरवलं होतं.

"अजीज, तू होतास ना रे तिथं?"

"तुमच्या भल्यासाठीच बोललो, भावजी. वय झालं आता. गावाला जा, डोळ्याचं ऑपरेशन करा, आराम करा."

"पोरांच्या हातात जाणार आहे ही."

"कंपनीनं बनवलीय. कंपनीला अक्कल नाही आणि तुम्हाला आहे?"

घ्या! आपलेच दात आणि आपलेच ओठ. याला खोटा पाडावा तर सुरैय्याला काय तोंड दाखवायचं? आणि मूग गिळून बसावं तर उद्या कुणीतरी पोरगं सेफ्टी काढणार, आणि समोर त्याचाच भाऊ उभा असणार. मुनीरनं कपाळावरचा घाम पुसला.

"आँख खराब है, अरबाब," तो म्हणाला. "अजीज सच बोला."

अजीजचा जीव भांड्यात पडला.

"लेकिन ये देखने को आँख नहीं लगता."

मुनीरनं बंदूक वाळूच्या पिशव्यांवर नीट टेकवली, नळी बांधाकडे केली. काडतूस भरलं, बोल्ट लावला, सेफ्टी लावली. मग उजवा हात वर धरला, पाची बोटं पसरून. कुणाला म्हणायला जागा नको. डावा अंगठा तेवढा सेफ्टीवर ठेवला.

"अरबाब, कान ढको."

"क्यों?" अरबाब हसला. "गन अच्छा है, ट्रिगर कोई छूता नहीं, तो आवाज किधर से आएगा? अजीज, सही?"

"बिलकुल सही," अजीज मागून म्हणाला आणि तोही हसला.

अरबाब हात मागे बांधून उभा राहिला. मुनीरनं मनात बिस्मिल्ला म्हटलं आणि सेफ्टी पुढे ढकलली.

काही झालं नाही.

बंदूकसुद्धा फितूर! काल आपणहून उडालेली बया आज मुक्यासारखी पडून होती. मुनीरच्या डोळ्यांत पाणी आलं. नोकरी गेली, इज्जत गेली, मेव्हणा तर आधीच हातचा गेला होता. आता अरबाब खलास म्हणणार, आणि अजीज आपल्यासाठी विमानाचं तिकीटही काढून देणार. त्यानं वर केलेला हात हळूहळू खाली घेतला आणि अरबाबकडे पाहिलं.

अरबाब बंदुकीकडे बघत नव्हता. बोटांकडेही नाही. तो मुनीरच्या खांद्यावरून मागे बघत होता आणि त्याच्या तोंडावरचं हसू गेलं होतं.

मुनीर वळला.

अजीज दोन्ही कानांत बोटं खुपसून, खांदे गळ्यापर्यंत चढवून, डोळे घट्ट मिटून उभा होता. आवाज झालाच नाही, हे त्याला अजून कळलं नव्हतं.