भाऊजींचा पंचनामा

घनसावंगीजवळच्या अभयारण्यात तळ्याकाठच्या बाभळींवर चित्रबलाकांची पिल्लं होती, आणि त्यांच्या डोक्यावर ड्रोन घिरट्या घालत होता. घाबरलेले पक्षी घरटी सोडून उडाले. वनरक्षक संध्या धावत आली, तर रिमोट तिच्याच दिराच्या हातात! "वहिनी, लग्नाचं शूटिंग करून राह्यलो. जल्दी उरकतो," कल्याण म्हणाला. "परवानगी हाय?" "घरच्या माणसाला कशाची परवानगी?" त्याच्यासोबतचे वऱ्हाडी हसले. तेवढ्यात एक घार उघड्या पिल्लांवर उतरू लागली. संध्याचा आवाज चढला, "भाऊजी, ड्रोन खाली घ्या. आत्ता!" कल्याणनं घार पाहिली आणि झटकन ड्रोन उतरवला. आभाळ मोकळं होताच पक्षी परतले, घारीला हुसकावून पिल्लांवर पंखांची सावली धरून उभे राहिले. संध्यानं ड्रोन जप्त करून पंचनाम्याचा कागद काढला. "नाव सांगा." "वहिनी, माझं नाव माहीत न्हाई?" "हाय की. वडिलांच्या नावासकट सांगा, भाऊजी."