पलीकडच्या खोलीत

"चांगली वायर आहे ना? मग हे कशाला?" पलंगावरून बाबांनी विचारलं.

ती जमिनीवर उकिडवी बसली होती. समोर कॉम्प्युटरचा डबा आडवा पडलेला, एका बाजूचा पत्रा काढलेला. आत बोटभर धूळ. तिच्या हातात वायफायचं कार्ड होतं, बिस्किटाएवढं.

"कंपनीने सांगितलंय," ती म्हणाली.

कंपनीने काही सांगितलं नव्हतं. घरून काम करायला हा जुना डबा दिल्यावर कंपनी त्याला विसरूनही गेली होती. कार्ड तिने स्वतः मागवलं होतं आणि तीन दिवस पिशवीच्या तळाशी लपवून ठेवलं होतं.

इंटरनेटची लाइन बाबांच्या खोलीच्या खिडकीतून आत येऊन तिथल्याच राउटरला लागायची. त्याची वायर जेमतेम टेबलापर्यंत पुरायची. भिंतीला भोक पाडायला घरमालकाची मनाई. वायर दारातून न्यावी तर बाबांचा वॉकर अडकणार. खुब्याचं हाड एकदा मोडलेलं, पुन्हा विषाची परीक्षा कोण घेणार? म्हणून ती तिथेच बसायची. कानाला हेडफोन लावून नऊ ते सहा हरवलेल्या पार्सलांच्या तक्रारी ऐकायची. आणि पाठीमागे, हात लांब केला तर लागेल इतक्यावर, बाबा.

आई गेली त्याच आठवड्यात ती इथे राहायला आली होती. त्याला अकरा महिने झाले. या अकरा महिन्यांत तिने बाबांना एक मिनिट एकटं सोडलं नव्हतं. रात्री त्यांच्या पलंगाला लागून हिची गादी. ते बाथरूममध्ये गेले की ही लोटलेल्या दाराबाहेर उभी. भाजीला गेली तर तेवढ्यापुरत्या शेजारच्या काकू येऊन बसायच्या. "मुलगी असावी तर अशी," आत्या फोनवर सगळ्यांना सांगायची. ते ऐकलं की तिची नजर दाराकडे जायची.

आणि बाबा? आई गेली तेव्हा डोळ्यांतून टिपूस नाही. पुढेही नाही. चहात साखर कमी आहे, पंखा फार जोरात आहे, तो पार्सलवाला खोटं बोलतोय, त्याला चांगलं ठणकावून सांग, एवढंच काय ते बोलणं. "दगड आहेत झालं," ती एकदा काकूंजवळ बोलून गेली होती. चाळीस वर्षांच्या संसाराचं एवढंच मोल, हे तिला आत कुठेतरी सलत होतं.

तिने खाचेत कार्ड दाबून बसवलं. स्क्रू आवळला, मागे दोन अँटेना फिरवून लावल्या. कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर तिने कालच वायरवरून उतरवून ठेवलं होतं. वायर काढली, डबा चालू केला. पडद्यावर काहीच नाही. तिने सगळं बंद केलं, कार्ड काढून फुंकर मारली आणि पुन्हा दाबलं. या वेळी बारीक 'टक' झालं.

थोड्या वेळाने पडद्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांची वायफाय एकेक उगवू लागली. मग घरचं.

"लागलं?" बाबांनी विचारलं.

"लागलं." ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "मी आता अडगळीच्या खोलीत बसेन, बाबा."

"दिवसभर?"

"हो. आणि दार लावावं लागेल. तुमचा मोबाइल उशाशी ठेवते. काही लागलं तर मला रिंग द्या."

"बरं," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला की तिला स्वतःची लाज वाटली. पण ती थांबली नाही. तिने ट्रंका एकावर एक रचल्या, टेबल ओढत नेलं, डबा नेला, मॉनिटर नेला. बाबांचं दार लावलं. मग आपलंही.

खोली जेमतेम टेबल-खुर्चीपुरती होती. खिडकी नव्हती. सिग्नलच्या दोनच दांड्या दिसत होत्या. तरी तिने पाय लांब केले, जांभई दिली, उगाचच तोंड वेडंवाकडं केलं. मागून कोणी काही विचारलं नाही. अकरा महिन्यांत पहिल्यांदा छातीभर श्वास आला.

चौथ्या कॉलवर एक बाई हरवलेल्या मिक्सरबद्दल तावातावाने बोलत होत्या. बोलता बोलता त्या थबकल्या.

"मॅडम, तुमच्याकडे कोणी रडतंय का?"

तिने हेडफोन काढला. भिंतीपलीकडून आवाज येत होता. घोगरा, मोठा, थांबता न थांबणारा. पडले! कॉल तसाच टाकून ती धावली आणि दार ढकललं.

बाबा पडले नव्हते. ते पलंगाच्या कडेला बसले होते. उशी दोन्ही हातांनी छातीशी आवळली होती आणि तोंड उघडं टाकून ते रडत होते. तिला पाहताच त्यांनी ओठ मिटले. चोरी पकडली गेल्यासारखा चेहरा झाला.

"कुठे लागलं? बाबा, काय झालं?"

त्यांनी मान हलवली. बाहीने डोळे पुसले.

"मला वाटलं," ते खाली बघत म्हणाले, "आता तुला ऐकू जाणार नाही."